शाप, कट आणि इतिहास
(भिवंडी येथील व्याख्यानाचा मजकूर)



घराण्याला भोवणारा शाप, भुयारात भरणारी गुप्त मंडळी आणि अखेरीस प्रकट होणारा खरा वारस, ही अद्भुतरम्य ऐतिहासिक कादंबरीची ठरलेली सामग्री. मराठी वाचकाला तिचा लळा जुना आहे. द्वारकानाथ माधव पितळे ऊर्फ नाथमाधव (१८८२-१९२८) सिंहगडावरून पडले, कमरेखाली लुळे झाले आणि लेखनाकडे वळले. त्यांची 'वीरधवल' वाचनालयांतून पिढ्यानपिढ्या हातोहात फिरली. या वाचनाला समाजवाद्यांनी नाके मुरडण्याचे कारण नाही. दिवसभर राबणाऱ्या माणसाचा करमणुकीवरही हक्क आहे.

प्रश्न निराळा आहे. कादंबरीची ही रीत इतिहास समजून घेण्याची रीत बनते, तेव्हा काय होते?

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. लोकस्मृतीत उरला तो आनंदीबाईंनी केल्याचे सांगितले जाणारा 'ध'चा 'मा'. गारदी थकलेल्या पगाराची मागणी करीत वाड्यात शिरले होते, हे फार थोड्यांना आठवते. कट खराच होता; रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना दोषीही ठरविले. परंतु पगार थकलेले भाडोत्री शिपाई राजवाड्याच्या पहाऱ्यावर ठेवणारी राज्यव्यवस्था कशी होती, हा प्रश्न त्या एका अक्षराआड दडला. एका स्त्रीला कृत्या ठरविले की व्यवस्थेची चौकशी संपते.

भिवंडीला या रीतीची किंमत ठाऊक आहे. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली. मे १९८४ मध्ये शहर पुन्हा पेटले. अशा वेळी प्रत्येक वस्तीत पलीकडच्या वस्तीतील गुप्त बैठकांच्या कथा फिरतात आणि त्या ऐकून शेजारी शेजाऱ्याचा वैरी होतो. १९७० च्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. आयोगापुढे आली ती वर्षानुवर्षे भररस्त्यात वाढलेली तेढ, मिरवणुकांतील घोषणा आणि पोलिसी तपासातील पक्षपात. यातले भुयारात काहीच नव्हते. सारे डोळ्यांदेखत घडत होते.

उपायही उघड्यावरच सापडला. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी येथे मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे एका सतरंजीवर बसू लागली आणि अफवेची शहानिशा समोरासमोर होऊ लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली. संशयावर पोसलेली दंगल परिचयापुढे हरली.

शापाचेही तसेच आहे. पिढीजात शाप पाहावयाचा असेल तर यंत्रमागाच्या खोलीत जावे. बारा तासांची पाळी, विणलेल्या कापडाच्या मापाने मिळणारी मजुरी, कानठळ्या बसविणारा खडखडाट आणि फुप्फुसात साचणारी कापसाची धूळ. बापाने घेतलेली उचल न फिटता मुलाच्या माथी येते. तो कोणा ऋषीच्या कोपाने आलेला नाही. त्यामागे हिशेबाची वही आहे, आणि वही बदलता येते. संघटना व कायदा यांचे ते काम आहे.

तेव्हा 'वीरधवल' खुशाल वाचावी. नव्या लेखकांनीही भुयारे आणि शाप खुशाल रंगवावेत. फक्त पहाऱ्यावरच्या शिपायाचा पगार कोणी थकविला, हे लिहावयास विसरू नये. आणि पुस्तक मिटल्यावर वाचकाने शेजाऱ्याच्या दारी जावे, त्याच्याविषयी ऐकलेली कथा त्यालाच विचारावी.