फोटोआधीची आवराआवर

तारकर्लीजवळच्या आमच्या घरातल्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि पुढे किनाऱ्यावर अशी घरे वाढत गेली, त्यातलेच आमचे एक. खोल्यांचे फोटो दिरांनी मोबाइलवर काढले होते. ते पाहून २०२२च्या डिसेंबरात पुण्याहून एक वयस्कर जोडपे आले. फोटोत खळे होते, ओटी होती. मधल्या तीन उंच पायऱ्या मात्र कुंड्यांच्या आड गेल्या होत्या. न्हाणीघर मागच्या दारी आहे, तेही कुठे दिसत नव्हते. रात्री आजोबा पायरीवर अडखळले. फारसे लागले नाही, पण सकाळी चहाही न घेता दोघे निघाली. जाताना आजी एवढेच म्हणाल्या, ‘‘आधी सांगायचं होतंत.’’

पायऱ्यांना आम्ही लगेच कठडा बसवला. पुढच्या वर्षी चांगला फोटोग्राफर बोलवायचे ठरले.

आधी वाटले, पाहुणे यायच्या वेळी आवरतो तसे आवरले की झाले. तसे नसते. आपल्या डोळ्यांना सवयीने न दिसणाऱ्या गोष्टी कॅमेऱ्याला दिसतात. पंख्याच्या पात्यांवरची धूळ, भिंतीवरून लोंबणारी वायर, दाराआडचा केरसुणीचा दांडा, गेल्या वर्षीचे कॅलेंडर. मी आपल्याच मोबाइलवर प्रत्येक खोलीचा एक फोटो काढून पाहिला आणि मग यादी केली. हा उपाय कुणालाही जमेल. न्हाणीघरातली बादली, मग आणि वापरलेले साबण बाहेर गेले. चादरी इस्त्री केल्या. घडीची रेघ डोळ्यांना चालते, फोटोत मात्र ती आधी दिसते. एका खोलीत ट्यूबलाइट पांढरी आणि दिवा पिवळा होता. दोन्ही मिळून भिंत आजारी दिसते, म्हणून सगळीकडे एकाच रंगाचे दिवे लावले. पावसाने गडग्यावर धरलेले शेवाळ घासून काढले. खळे दोन दिवस आधी सारवले, कारण ओल राहिली तर फोटोत डाग पडल्यासारखे दिसते. सुकत घातलेली सुंगटे मागे नेली. फोटोत वास येत नाही हे खरे, पण दिवसभर तिथे काम करणाऱ्या माणसाला तो येतो!

पंचाईत झाली ती माजघरात. सासूबाईंची खाट, त्यांचा अडकित्ता, औषधांच्या बाटल्या मी एकेक उचलत होते. त्या बघत बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘‘काय गो, आता माका खंय उचलून ठेवतलंस?’’ मी हातातले खाली ठेवले. बाटल्या तेवढ्या कपाटात गेल्या. खाट आणि अडकित्ता जागच्या जागी राहिले. पाहुणे यांच्याच घरात राहायला येतात, हे मी विसरत होते.

फोटोग्राफर मोठा कसबी माणूस. आमचे घर पश्चिमेला तोंड करून, म्हणून सकाळी त्याने आतले फोटो घेतले आणि दर्शनी भाग चार वाजेपर्यंत राखून ठेवला. खिडकीबाहेर लख्ख ऊन आणि आत काळोख, यासाठी तो एकाच जागेवरून कमीजास्त उजेडाचे तीन-चार फोटो घेऊन नंतर ते जुळवतो. सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटे आकाश गडद निळे राहते, तेव्हा घरातले सगळे दिवे लावून त्याने कौलांचा जो फोटो घेतला, तो आम्ही सगळे कितीतरी वेळ बघत राहिलो.

वाद झाला तो दोन गोष्टींवरून. त्याच्या रुंद भिंगातून आमची दहा बाय दहाची खोली लग्नाच्या हॉलएवढी दिसू लागली. मी म्हटले, दोन पलंगांमध्ये किती जागा आहे ते कळेल असा एक फोटो घ्या. तो त्याने घेतला. पायऱ्यांना मात्र तो तयार होईना. ‘‘वहिनी, पायऱ्या बघून बुकिंग येतं का कधी? कुंड्या राहू देत तिथेच.’’ त्याचे धंद्याच्या दृष्टीने चूक नव्हते. पण मीच कुंड्या बाजूला केल्या, दिरांना मधल्या पायरीवर उभे केले, म्हणजे उंचीचा अंदाज येईल. न्हाणीघराकडे जाणारी वाटही, मागच्या दारासकट, घ्यायला लावली. ‘बिल वाढेल,’ तो म्हणाला, वाढले नाही.

गेल्या मे महिन्यात ठाण्याहून एकांचा फोन आला. ‘‘फोटोत पायऱ्या दिसल्या, आईला त्या झेपायच्या नाहीत. जमिनीलगतची खोली कुणाकडे असेल का?’’ शेजाऱ्यांची आहे, त्यांचा नंबर दिला. चार दिवसांचे बुकिंग हातचे गेले. जेवायला मात्र ती मंडळी चारही दिवस आमच्याकडेच आली, आणि आईसाठी सोलकढीचा तांब्या सासूबाई स्वतः भरून देत होत्या.