ज्याचे चित्र, त्याचे ओझे



गेले काही दिवस या व्यासपीठावरून आपण मोठमोठे विषय ऐकलेत. आज मी बोलणार आहे ते एका पिशवीबद्दल, पाठीवर घ्यायच्या साध्या पिशवीबद्दल. पत्रिकेवर हा विषय वाचून काहींना हसू आले असेल. माझी तक्रार नाही. मलाही पूर्वी हा विषय हसण्यावारी नेण्यासारखाच वाटत होता. एका चुकीने तो मला गंभीरपणे घ्यायला लावला. ती चूक आधी सांगतो.

मी धंदेवाईक छायाचित्रकार नव्हे. हौस आहे, आणि हौसही जरा जुन्या वळणाची आहे. माझ्याजवळ मोठ्या फिल्मचा कॅमेरा आहे. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी तसला कॅमेरा जुन्या स्टुडिओत पाहिला असेल. पुढे भिंग, मागे घासलेली काच, मध्ये लोहाराच्या भात्यासारखा घड्यांचा भाता, आणि डोक्यावर काळे कापड घेऊन आत डोकावणारा फोटोग्राफर. काचेवर सगळे जग उलटे दिसते. चित्र जुळले की काचेच्या पुढे फिल्मची चपटी पेटी सरकवायची. तिला होल्डर म्हणतात. एका होल्डरच्या दोन बाजूंना दोन फिल्म. एक फिल्म चार इंच बाय पाच इंच. गळ्यात अडकवायच्या कॅमेऱ्यातली फिल्मची चौकट असते २४ मिलिमीटर बाय ३६ मिलिमीटर. म्हणजे आमची फिल्म तिच्या सुमारे पंधरा पट भरते.

आपण विचाराल, खिशात फोन असताना हा खटाटोप कशाला? दोन कारणे सांगतो. एक, फिल्म मोठी असल्यामुळे चित्र भिंतीएवढे केले तरी दगडावरची छिन्नीची खूण दिसते. दुसरे कारण देवळांचे. उंच शिखर टिपायला साधा कॅमेरा मान वर करतो, आणि मग शिखर मागे कलल्यासारखे दिसते. या कॅमेऱ्यात मागची बाजू सरळ उभी ठेवून नुसते भिंग वर सरकवता येते. शिखर पूर्ण येते आणि भिंती ओळंब्यात राहतात. गवंड्याने जसे बांधले तसे ते दिसते.

आता देवळाकडे येतो. भिगवणहून सोलापूरच्या हमरस्त्याने इंदापूरकडे निघाले की वाटेत पळसदेव लागते. रस्त्याकडेचे गाव नवे. जुने गाव भीमेकाठी होते. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले. पूर्ण भरले की त्यात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. त्या पाण्याखाली अनेक गावे गेली, त्यात जुने पळसदेव गेले आणि पळसनाथाचे जुने दगडी देऊळही गेले. पाणी उतरले की आधी शिखर वर येते. दुष्काळी उन्हाळ्यात सगळे देऊळ उघडे पडते आणि लोक पायी दर्शनाला जातात. दुष्काळाने देव दाखवावा आणि पावसाने तो झाकावा, असा हा आपल्या तालुक्यांचा विचित्र हिशेब आहे.

माझ्या एका मित्राचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, जुन्या पळसदेवचे. त्यांचे लग्न त्याच देवळाच्या दारात लागलेले. ते एकदा मला म्हणाले, “तुझ्या त्या मोठ्या पेटीनं ते दार काढ. एवढं मोठं कर, की मला चष्म्याबिगर दिसलं पाहिजे.”

२०१९ च्या उन्हाळ्यात उजनीचे पाणी फार खाली गेले. मी निघालो. कॅमेरा, तीन भिंगे, होल्डर, लोखंडी स्टँड, सारे मिळून एकवीस किलो भरले. पिशवीचा विचार मी केलाच नव्हता. घरात पत्र्याची ट्रंक होती, तिच्यात जुन्या चादरी कोंबून सामान भरले. आणि ट्रंक उचलायला काठावरची दोन मुले मजुरीवर घेतली. मासेमारी करणाऱ्या घरांतली, सोळा-सतरा वर्षांची. मी पुढे छत्री घेऊन चालत होतो. हे चित्र आज डोळ्यांपुढे आले की मान खाली जाते.

धरणाच्या पोटातला गाळ वरून वाळून भेगाळतो, आणि आत मात्र ओला राहतो. देऊळ दोनशे पावलांवर असताना डोक्यावर ट्रंक घेतलेल्या मुलाचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. ट्रंक पडली. तिच्या पत्र्याच्या कडेने त्याची नडगी कापली. मी धावलो, आणि आधी ट्रंक उघडली. मागची काच फुटली होती. काच नाही म्हणजे चित्र जुळवता येत नाही, सारे संपले. तेव्हा रक्त पुशीत तो मुलगा मला म्हणाला, “काका, किती रुपयांची होती हो काच? आमच्या मजुरीतनं कापा.”

श्रोतेहो, त्याला दवाखान्यात नेले, मजुरी दिली, हे सगळे केले. पण मी आधी ट्रंक उघडली होती, हे त्याने पाहिले होते आणि मीही पाहिले होते. पुढे पाऊस आला, उजनी भरली, देऊळ गेले. २०२१ साली आबाही गेले.

त्यानंतर मी या विद्येचा इतिहास वाचू लागलो, आणि माझी चूक फार जुनी आहे असे आढळले. छायाचित्रणकला आपल्याकडे लवकर आली. मुंबईत १८५४ सालीच छायाचित्रकारांची सोसायटी निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्यातील नामवंत सभासद होते. त्या काळी काचेवर ओले रसायन पसरून, ते ओले आहे तोवरच फोटो घेऊन धुवावा लागे. म्हणजे फोटोग्राफरबरोबर काचा, बाटल्या, पाणी आणि काळोखा तंबू एवढे सगळे चालले पाहिजे. सॅम्युअल बोर्न नावाचा इंग्रज १८६३ मध्ये हिमालयात गेला तो सुमारे तीस हमाल घेऊन. पुढल्या वर्षी काश्मीरला गेला तेव्हा ते चाळिसांवर गेले. त्याची चित्रे अप्रतिम आहेत. पण हमाल वाटेत ओझी टाकून पळाले आणि आपण त्यांच्यावर काठी चालवली, ही हकीकतही त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. चित्राखाली बोर्नचे नाव आहे. ज्यांच्या पाठीवरून ते चित्र डोंगर चढले, त्यांची नावे तिथे नाहीत.

याच्या उलट दुसरे उदाहरण. १९२७ च्या एप्रिलची दहा तारीख. अमेरिकेतल्या योसेमिटीच्या डोंगरात अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स हा पंचविशीचा तरुण काचेच्या बारा प्लेटा आणि कॅमेरा पाठीवर घेऊन बर्फातून चढला. ओझे चाळीस पौंडांच्या घरात, म्हणजे अठरा किलो. ‘हाफ डोम’ नावाच्या प्रचंड कड्यासमोर पोहोचेपर्यंत दोनच प्लेटा उरल्या होत्या. एक नेहमीच्या पिवळ्या काचेतून घेतली. मग थांबून विचार केला, आणि शेवटची गडद लाल काच लावून घेतली. आकाश काळे झाले, कडा उजळला, आणि तेच चित्र जगप्रसिद्ध झाले. ज्याने ओझे वाहिले आहे, तो शेवटची प्लेट उगाच खर्च करीत नाही, असे मला वाटते.

तेव्हा मी ठरवले, की पुन्हा पाणी उतरेल तेव्हा माझ्या पाठीवर मावेल तेवढेच घ्यायचे. आणि मग त्या पिशवीचा शोध सुरू झाला.

पुण्याच्या दुकानांतून कॅमेऱ्याच्या पिशव्या पाहिल्या. त्या लहान कॅमेऱ्यांसाठी केलेल्या. कप्पे बारके, खोली कमी. आमचा घडी घातलेला कॅमेरा म्हणजे वीतभर रुंद, वीतभर उंच असा डबा. तो त्यात बसेना. मग गिर्यारोहणाची सॅक घेतली. ती पाठीला उत्तम, पण तोंड वर. तळाचे भिंग काढायचे तर वरचे सगळे बाहेर मांडावे लागते, आणि गाळात मांडणार कशावर? तिसरी मिळाली तिच्यात सारे सामान मावले, पण कमरपट्टा नव्हता. दोन किलोमीटर चाललो तो खांदे भरून आले.

उत्तर शेवटी बारामतीतच मिळाले, आणि ते आपल्या सर्वांच्या डोळ्यांपुढे रोज असते. विहिरीवरून घागर आणणारी बाई घागर कमरेला चिकटवून धरते. हात लांब करून कोणी घागर आणीत नाही. म्हणजे जड वस्तू पाठीच्या जितकी जवळ, तितकी हलकी वाटते. ती लांब गेली की माणसाला पुढे वाकावे लागते. डोक्यावर पाटी घ्यायची तर खाली चुंबळ लागते, म्हणजे भार एका ठिकाणी टोचता कामा नये. जनावरावर गोणी घालायची ती दोन्ही बाजूंना सारखी. आणि शिंगणापूरला कावड जाते तिला खांदेपालट असते. एकाच खांद्याने सारा डोंगर चढत नाहीत.

आषाढीला तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकीवरून इंदापूरला जाते. एका वर्षी मी त्या वाटेवर सॅक भरून सराव करीत चाललो होतो. खांद्यावर लहानशी पडशी टाकलेली एक म्हातारी वारकरीण माझ्याकडे बघून म्हणाली, “भाऊ, एवढं कशापायी? देव काय पेटीत मावतोय व्हय?” घरी येऊन मी दोन भिंगे आणि लोखंडी स्टँड बाजूला काढले.

उरलेले काम आमच्या पेठेतल्या एका कारागिराने केले. ते ट्रॅक्टरच्या आणि मोटारसायकलच्या सीटा शिवतात. मी पिशवीचे चित्र काढून नेले होते. त्यांनी ते पाहिलेही नाही. म्हणाले, “चित्र राहू द्या, सामान आणा. आणि तुम्ही बी उभं रहा, पाठ मोजायचीय.” इतकी दुकाने हिंडलो, पण हे दोन शब्द कोणी बोलले नव्हते. त्यांनी गिर्यारोहणाच्या सॅकचा सांगाडा आणि कमरपट्टा ठेवला. आत जाड फोमची पेटी बसवली. कॅमेरा मधोमध पाठीला लागून, भिंग त्याच्या वर, होल्डर कडेला उभे. आणि सॅकचे तोंड पाठीच्या बाजूने उघडले. त्यामुळे सॅक पालथी ठेवून उघडता येते. गाळ लागतो तो बाहेरच्या अंगाला, आपल्या पाठीला नाही. प्रत्येक होल्डरला धुळीसाठी प्लॅस्टिकची पिशवी, आणि उन्हासाठी सगळ्यावर पांढरे कापड.

हिशेब सांगतो, कोणा तरुणाला उपयोगी पडेल. कॅमेरा अडीच किलो. एक भिंग अर्धा किलो. पाच होल्डर, म्हणजे दहा फिल्म, एक किलो. हलके स्टँड दोन किलो. कापड, प्रकाशमापक वगैरे एक किलो. पिशवी दोन किलो, पाणी दोन किलो. एकूण अकरा. एकवीसचे अकरा झाले, आणि चित्राचे काहीच उणे झाले नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी पुन्हा उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली. पहाटे पळसदेवला पोहोचलो. तो मुलगा आता बाप्या झाला होता; मला ओळखून बरोबर आला. सॅकला हात घालू लागला, तेव्हा मी म्हटले, “राहू दे, माझी आहे.” वीरगळांपाशी थांबलो, मग दारासमोर स्टँड लावले. तीन फिल्म घेतल्या. चौथ्या वेळी त्याला काळ्या कापडात डोके घालायला सांगितले. बराच वेळ तो बाहेर येईना. मग आतूनच म्हणाला, “काका, देऊळ उलटं हाय, पण पाणी कुठं न्हाई.”

परतताना ऊन चढले. अर्ध्या वाटेत त्याने काही न बोलता सॅक माझ्या पाठीवरून उतरवून स्वतःच्या पाठीवर घेतली. मी स्टँड घेतले. पुढे पुन्हा मी सॅक घेतली. ओझे लादणे निराळे आणि वाटून घेणे निराळे, हे कावडीवाल्यांना ठाऊक आहे. मला ते पन्नाशीनंतर कळले.

चित्र मोठे करून मित्राच्या घरी नेले. आबा नव्हते. त्यांच्या पत्नी भिंतीजवळ गेल्या, चष्मा काढला, आणि उंबऱ्यावर बोट ठेवले. म्हणाल्या, “ह्याच उंबऱ्याला मी अडखाळले होते. समदी हासली होती.” मग जरा थांबून म्हणाल्या, “लगीन माझंबी तिथंच लागलं होतं. पर दार बघायचंय का, असं मला कुणी इचारलंच न्हाई.”

श्रोतेहो, माझी दुसरी चूक ही. तिला पिशवी नाही.

आपल्यापैकी कोणाला असा कॅमेरा घ्यावासा वाटला, तर पिशवी विकत घ्यायला आधी जाऊ नका. सामान जमिनीवर मांडा. त्यातले निम्मे परत कपाटात ठेवा. उरलेले वजन करा, ते पाठीवर घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत गावातून चाला. मग शिवणाऱ्याकडे जा आणि त्याने सांगितले तर पाठ मोजून घ्या. आणि ज्याचे चित्र काढणार, त्या घरातल्या सगळ्यांना विचारून निघा.