दुरुस्ती हेही स्वदेशीच

(एका नगर वाचनालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



या व्याख्यानमालेत आजवर इतिहास, संस्कृती, राष्ट्रजीवन अशा विषयांवर विद्वानांनी आपल्याशी संवाद साधला आहे. त्याच व्यासपीठावर आज एक मनुष्य जुना ट्रान्झिस्टर हातात घेऊन उभा राहतो, याचे काहींना नवल वाटत असेल. हा संच मी मुद्दाम आणला आहे. माझा विषय या संचापासूनच सुरू होतो.

२६ जून १९७५ च्या सकाळी आकाशवाणीवरून आणीबाणीची घोषणा झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या वडिलांना ‘मिसा’खाली स्थानबद्ध करण्यात आले. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण आणि आकाशवाणी तर सरकारचीच. देशात काय घडते आहे, हे कळण्याचा एक मार्ग उरला होता, तो म्हणजे लघुलहरींवर लागणारे बीबीसी. आणि नेमका त्याच दिवसांत आमचा हा संच लघुलहरींवर मुका झाला. मध्यमलहरी स्वच्छ लागत. बँडचा खटका फिरवला की नुसती खरखर. घरातला कमावता माणूस आत, तेव्हा नवा संच घेण्याचा प्रश्नच नव्हता.

आईने तो भाजीच्या पिशवीत घातला आणि मला बरोबर घेऊन आळीतल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांकडे गेली. ते आमच्या विचारांचे नव्हते, किंबहुना वडिलांशी त्यांचे कडाक्याचे वाद होत. त्यांनी काहीही न विचारता मागचे झाकण काढले, मला विजेरी धरायला सांगितली, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून खटक्याच्या पट्ट्या पुसल्या आणि तुटायला आलेला डायलचा दोराही बदलून टाकला. पंधरा-वीस मिनिटांचे काम. आईने पैसे विचारले तेव्हा म्हणाले, “वहिनी, ते सुटून आले की हिशेब करू.” वडील १९७७ साली सुटून आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडे गेले. त्या गृहस्थांनी मोजून दोन रुपये घेतले. उपकार केल्याचे त्यांनी दाखवले नाही आणि आम्हालाही तसे वाटू दिले नाही.

त्या संचात बिघडले काय होते? खरे म्हणजे काहीच नाही. खटक्यावर मळ साचला होता. आज आपण ज्यांना ‘खराब झाली’ म्हणून माळ्यावर टाकतो किंवा भंगारवाल्याच्या काट्यावर चढवतो, त्या वस्तूंपैकी पुष्कळांची अवस्था हीच असते. यंत्र मेलेले नसते. त्यातला एखादा क्षुल्लक भाग थकलेला असतो.

छताचा पंखा मंद फिरू लागला किंवा हाताने ढकलल्याशिवाय सुरू होईना, की बहुधा त्याचा कपॅसिटर कमजोर झालेला असतो. जुने कारागीर याला कंडेन्सर म्हणत. साधारण अडीच मायक्रोफॅरडचा हा डबीएवढा भाग दोन-चार वडापावांच्या किमतीत मिळतो. पण तेवढ्यासाठी पंखे बदललेले मी पाहिले आहेत. टीव्हीचा रिमोट चालेना, तर मोबाइलचा कॅमेरा त्याच्या टोकाशी धरून बटण दाबावे. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बहुतेक कॅमेऱ्यांत लुकलुकताना दिसतो. तो दिसला तर दोष रिमोटचा नाही, टीव्हीकडे पाहावे. दिसला नाही, तर आधी सेलच्या खोबणीतला हिरवट गंज लिंबाच्या रसाने पुसून कोरडा करावा. मिक्सरचे कार्बन झिजतात, तेही सुटे मिळतात. एलईडी दिव्यात बारीक टिकल्या एकापाठोपाठ एक, माळेसारख्या जोडलेल्या असतात. एक जळली की बहुधा सारी माळ विझते. जळलेल्या टिकलीवर सहसा काळा ठिपका दिसतो. तिला डावलून डाग दिला तर दिवा पेटतो खरा, पण उरलेल्यांवर भार वाढतो. म्हणून टिकली बदलणे हाच योग्य उपाय.

सेट-टॉप बॉक्स, मॉनिटर, चार्जर यांच्या पॉवर सप्लायमध्ये उभ्या नळकांड्यांसारखे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. त्यांच्या आतला द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो. डोके फुगलेले दिसले, तर रोग तिथेच आहे असे समजायला हरकत नाही. अभियंत्यांचा एक ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढले तर या भागाचे आयुष्य निम्मे होते. आपल्याकडे टीव्हीवर आणि त्याच्या खोक्यांवर विणलेले रुमाल घालण्याची फार हौस. त्या रुमालांनी हवेच्या फटी झाकून किती संच अकाली आटोपले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. (माता-भगिनींनी क्षमा करावी, आमच्या घरीही तो रुमाल होता.)

आता एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. धाडस आणि अविचार यांत अंतर आहे. आपल्या घरी येणारी २३० व्होल्टची वीज पॉवर सप्लायमध्ये एकदिश झाली की तीनशेहून अधिक व्होल्ट होते आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहते. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि जुना काचनळीचा टीव्ही घरी उघडू नयेत. तिथे हजारो व्होल्टांचा मामला असतो. फुगलेली लिथियम बॅटरी टोचू नये, दाबू नये. नवशिक्याने रेडिओ, रिमोट, खेळणी अशा सेलवर चालणाऱ्या वस्तूंपासून आरंभ करावा. एक साधा मीटर, चांगला पेचकस, सोल्डरिंगचे लोखंड, थोडे कथील आणि राळ एवढी सामग्री पुरते. राळ आणि कथील आपल्याला परके नाहीत. दारावर येणारा कल्हईवाला नवसागर टाकून भांड्याला कथील चढवत असे, ते शास्त्र याच जातीचे. तो कल्हईवाला दिसेनासा झाला, मागोमाग स्टोव्ह आणि छत्र्या दुरुस्त करणारे गेले, आणि आता रेडिओवाल्यांची पाळी आहे.

इथे मी मूळ मुद्द्याकडे येतो. स्वदेशीचा विचार आपण सारे मांडतो. कोणती वस्तू घ्यावी, कोणती घेऊ नये, याच्या याद्याही काढतो. त्या काढाव्यात, पण दिवाळीत परदेशी माळांवर बहिष्काराची घोषणा द्यायची आणि वर्ष-दोन वर्षांत चालता मोबाइल टाकून परदेशी सुट्या भागांनी भरलेला नवा घ्यायचा, यात विसंगती आहे. वस्तू कोठेही बनलेली असो, ती आणखी पाच वर्षे चालवली तर तेवढा पैसा देशात राहतो. शिवाय दुरुस्तीची मजुरी शेजारच्या कारागिराच्या घरी जाते आणि ज्ञान आपल्या हातात उरते. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मुंबईत एकात्म मानवदर्शनावर जी चार व्याख्याने दिली, त्यांत उत्पादन खपावे म्हणून गरजा निर्माण करणाऱ्या अर्थव्यवस्थेवर त्यांचा मोठा आक्षेप होता. त्या वेळी हा आक्षेप दूरच्या देशांविषयीचा वाटला असेल. आज तो आपल्या दिवाणखान्यातला आहे.

कंपन्याही वस्तू उघडू नये अशाच बनवू लागल्या आहेत. बॅटरी डिंकाने चिकटवलेली, पेच विचित्र तोंडाचे, सुटे भाग आणि आराखडे मिळत नाहीत. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या अधिकारा’वर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. पाऊल योग्य दिशेने आहे. पण ग्राहक दुकानात शिरताना ‘याचे भाग मिळतील का’ असे विचारतच नसेल, तर केवळ शासनाने काय होणार?

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. आपल्याकडे नियम आहेत. पहिले २०१२ साली लागू झाले, सध्याचे एप्रिल २०२३ पासून. तरीही दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत तांब्यासाठी तारा जाळल्या जातात, सर्किटांना आम्लाचे स्नान घातले जाते, आणि तो धूर तिथल्या मुलांच्या छातीत जातो. आपण टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती कोणाच्या तरी अंगणात जाते. सेवावस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना हे मी सांगायला नको.

जी वस्तू मूळ कामाला उरत नाही, तिला दुसरे काम देता येते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ संपले आणि अनेक धडधाकट संगणक एका दिवसात ‘जुने’ ठरले. अशा संगणकात हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी आणि लिनक्स घालावे. आपल्याच सी-डॅकने २००७ साली आणलेली ‘बॉस’ ही प्रणाली लिनक्सवरच उभी आहे आणि भारतीय भाषांत चालते. असा संगणक एखाद्या अभ्यासिकेत आणखी काही वर्षे सहज काम देतो. त्यातून उरलेला पॉवर सप्लाय पाच आणि बारा व्होल्ट देतो, तो विद्यार्थ्यांच्या प्रयोगांना उत्तम. जुना मोबाइल दारावरच्या कॅमेऱ्याचे किंवा आजीच्या कीर्तन-श्रवणाचे काम करतो.

हॉलंडमध्ये २००९ पासून शेजारी एकत्र येऊन दुरुस्तीचे मेळावे भरवतात. बंगळुरूतही २०१५ पासून असे उपक्रम होत आहेत. आपल्या गावात आयटीआयचे विद्यार्थी आहेत, निवृत्त तंत्रज्ञ आहेत आणि या वाचनालयाचे सभागृह महिन्यातून निदान एक रविवार रिकामे असते. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर न मिळणारा भाग क्वचितच. माझी विनंती इतकीच, की मेळाव्यात कारागिराला मजुरी द्यावी. सेवा म्हणून फुकट राबवून घेतले, तर त्याच्या मुलाने हा धंदा का शिकावा?

या संचाविषयी एक सांगायचे राहिले. बीबीसीचे लघुलहरींवरील हिंदी प्रसारण जानेवारी २०२० अखेर थांबले, त्यामुळे त्या बँडवर आता आम्ही सहसा जात नाही. गेल्या वर्षी नातवाच्या आग्रहाने मी यात पाच व्होल्टवर चालणारे ब्लूटूथचे छोटे पान बसवले. मूळ सर्किटला हात लावला नाही. एक खटका वाढवला, एवढेच. खटका खाली केला की नातवाच्या मोबाइलवरची गाणी, वर केला की आकाशवाणी. स्पीकर मात्र तोच आहे, १९७५ चा.

बाहेरच्या पडवीत टेबल मांडले आहे. मीटर, सोल्डर, थोडे कपॅसिटर आणले आहेत. काही भगिनींच्या पिशव्यांतून वायरी डोकावताना मला इथून दिसत आहेत. चहा झाल्यावर तिकडे या. ज्यांच्याकडे मिक्सर असतील, त्यांनी भांडेही आणले असेल तर बरे.