परतीची तारीख

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत चैत्र महिन्यात दिलेले भाषण)



शताब्दीच्या निमित्ताने मोठे विषय घेण्याची प्रथा आहे. मी मात्र एक अगदी घरगुती विषय घेऊन उभा आहे. दिवाळी आटोपली की घराला कुलूप लावून पुण्याला, बंगळुरूला किंवा हैदराबादला मुलांकडे जाणारी आणि फाल्गुन सरताना परत येणारी आपल्या ग्वाल्हेरची निवृत्त जोडपी, हा तो विषय. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जण याच महिन्यात परतले आहेत, आणि आम्ही उभयताही त्यांच्यातलेच. त्यामुळे मी कोणाची कहाणी सांगतो आहे हे वेगळे सांगायला नको.

उत्तर हिंदुस्थानात आपल्याला ‘दक्षिणी’ म्हणतात. दोनशे वर्षे येथे राहूनही ते नाव गेले नाही. आता दर हिवाळ्यात हे दक्षिणी लोक दक्षिणेत जातात, आणि तिथे गेल्यावर त्यांच्या मराठीतले हिंदी वळण ऐकून लोक त्यांना ‘उत्तरेकडचे पाहुणे’ म्हणतात. ही गंमत आपण सर्वांनी अनुभवली आहे. पण तिच्यामागे एक जुना इतिहास आहे, तो थोडक्यात सांगतो.

आपल्या शहरातली नावे पाहा. लष्कर, शिंदे की छावणी, चिटणीस की गोठ, महाडिक की गोठ. ‘गोट’ म्हणजे तळ, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. शत्रूच्या गोटात शिरण्याची भाषा आपण अजून बोलतो. ‘छावणी’ या शब्दाचा मूळ अर्थ मात्र आपण विसरत चाललो आहोत. पावसाळ्यात फौजेने जिथे मुक्काम करायचा ती छावणी. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघावे, मुलूखगिरी करावी आणि पाऊस सुरू होण्याच्या आत घरी परतावे, असा मराठी फौजांचा वार्षिक क्रम असे. ज्यांना परतणे जमत नसे ते छावणी करून राहत. दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस पडला आणि तो पुन्हा हलला नाही. त्या तळाचे शहर झाले. म्हणजे आपली वस्तीच मुळी न परतलेल्या माणसांची आहे. एका ऋतूसाठी उत्तरेत आलेले पूर्वज येथेच राहिले, आणि त्यांचे वंशज एका ऋतूसाठी दक्षिणेत जाऊन येतात. प्रश्न एवढाच, की आपला हा ऋतूचा मुक्कामही तसाच कायमचा ठरणार काय? आजच्या भाषणात मला जे म्हणायचे आहे ते या प्रश्नाभोवतीच आहे.

प्रथम हिवाळ्याविषयी. ग्वाल्हेरची थंडी तरुणांना सुखाची असते. डिसेंबरात हजीऱ्याला तानसेन समारोह होतो. १९०५ साली माधवराव महाराजांनी सुरू केलेला मेळा भरतो. गजक ताजी असते, मटार स्वस्त असतो. शहराचे सगळे वैभव याच दिवसांत असते, आणि याच दिवसांत म्हाताऱ्या माणसांना शहर सोडावे लागते. जानेवारीत रात्रीचा पारा पाच अंशांच्या आसपास आणि कधी त्याहूनही खाली येतो. धुके असे पडते की दहा वाजेपर्यंत समोरचे घर दिसत नाही. आपल्या जुन्या घरांची उंच छते आणि दगडी फरशा उन्हाळ्यासाठी बांधलेल्या आहेत. ज्यांना दमा आहे, ज्यांच्या हृदयावर उपचार झाले आहेत, ज्यांचे गुडघे सकाळी ऐकत नाहीत, त्यांना मुलांनी “हिवाळ्यात तिथे राहू नका” म्हणणे अगदी रास्त आहे. मुलांचे म्हणणे खोटे नाही, हे मी आरंभीच मान्य करतो.

आता या जाण्या-येण्याची व्यवस्था. एके काळी नोव्हेंबर हा निवृत्तांचा खुंटा होता. हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत स्वतः उभे राहावे लागे. म्हणून दाखला दिल्याशिवाय कोणी गाव सोडत नसे. २०१४ च्या नोव्हेंबरात ‘जीवन प्रमाण’ ही संगणकीय सोय आली, आणि आपण जिवंत आहोत हे आता कोणत्याही गावाहून सांगता येते. सोय उत्तमच आहे, पण गावाशी बांधणारी एक दोरी तिने सोडवली हेही खरे. दुसरी गोष्ट तिकिटाची. पूर्वी रेल्वेचे आरक्षण १२० दिवस आधी मिळे. नोव्हेंबरच्या मध्यास निघणाऱ्या जोडप्याला मार्चच्या मध्याचे परतीचे तिकीट निघण्यापूर्वीच काढता येई. झेलम किंवा गोवा एक्सप्रेसची दोन तिकिटे पाकिटात एकत्र ठेवून माणूस निघे, आणि मुलांच्या आग्रहाला “तिकीट झाले आहे” हे एकच उत्तर पुरे पडे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आली. आता परतीचे तिकीट हाती नसतानाच घराला कुलूप लावावे लागते, आणि ते मुलाच्या घरी बसून, त्याच्याच हातून, त्याच्या संगणकावर काढावे लागते. ज्येष्ठांना भाड्यात मिळणारी सवलत तर मार्च २०२० मध्येच थांबली. या बारीकसारीक गोष्टी आहेत, पण परतणे आपोआप घडत नाही, ते दर वर्षी नव्याने ठरवावे लागते, हे त्यांनीच आपल्याला शिकवले.

दक्षिणेतले दिवस वाईट जातात असे मी म्हणणार नाही. ऊन मऊ असते. नातवंडे असतात. पुण्यात तर नाटक, गाणे, व्याख्यान, सगळे मराठीत मिळते. ज्या भाषेसाठी आपण येथे ग्रंथालय चालवतो ती तिथे भाजीवाल्याच्या तोंडीही असते. पण तिथे आपण कोणाचे तरी आई-वडील असतो, एवढीच आपली ओळख. दाराच्या पाटीवर मुलाचे नाव असते. कोणत्या फडताळात साखर आहे हे गृहिणीला विचारावे लागते, आणि चाळीस वर्षे घर चालवलेल्या बाईला साखर कोठे आहे हे विचारावे लागणे ही साधी गोष्ट नव्हे. याबद्दल तक्रार कोणी करीत नाही. फेब्रुवारी लागला की मात्र ती बोलता बोलता विचारते, “अंगणातल्या कडुनिंबाची पानगळ सुरू झाली असेल, नाही?” हे तिकीट काढण्याचे सूचन असते, हे चाणाक्ष पतीला कळते.

परतीचा प्रवास जवळजवळ एका अख्ख्या दिवसाचा. दौंड, मनमाड, भुसावळ, खांडवा, इटारसी. पुढे नर्मदेचा पूल येतो. नर्मदा ओलांडली की हिंदुस्थान लागला, अशी जुन्या मराठी माणसाची समजूत होती. आपल्याला मात्र नर्मदा ओलांडल्यावर घर जवळ आल्यासारखे वाटते. झाशी गेली की म्हातारी माणसेही बॅगा खाली काढू लागतात.

आणि मग घर उघडणे. चार महिन्यांनी उघडलेल्या घराला एक वास असतो. अंगणात निंबाच्या पिवळ्या पानांचा थर, वर तांबूस कोवळी पालवी. पुस्तकांच्या कपाटामागे वाळवीची रेघ. कबुतरांनी न्हाणीघराच्या झरोक्यात मांडलेला संसार. थंडीने जळेल म्हणून शेजारी ठेवून गेलेली तुळस परत वृंदावनात येते. पण खरे घर केव्हा सुरू होते ठाऊक आहे? विरजण लागते तेव्हा. दूध बाजारात मिळते, गॅस फोनवर येतो, पण विरजणाला शेजार लागतो. वाटी घेऊन पलीकडच्या दारात उभे राहावे लागते. त्या दारातून “आलात का? यंदा उशीर केलात,” असा आवाज आला, की मनुष्य घरी पोहोचला. घर म्हणजे भिंती नव्हेत, हे पुष्कळांनी सांगितले आहे. मी एवढेच म्हणतो की जिथे आपल्या उशीर होण्याची कोणी नोंद ठेवतो, ते घर. आज आपल्या गोटांतून असे पलीकडचे दार वर्षागणिक कमी होत आहे, आणि कुलपे वाढत आहेत.

मुले विचारतात, “मे महिन्यात तिथे पंचेचाळीस अंश तापते. वसंतात परतून तुम्ही काय मिळवता? एक महिना बरा, मग लू.” हिशेब बरोबर आहे. आपण ज्या ऋतूत परततो तो फार आखूड असतो. पण त्या महिन्यात पाडव्याची गुढी आपल्या दारात उभी राहते, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हे होते. गौर महिनाभर माहेरी येते, अक्षय्य तृतीयेला जाते. थोड्या दिवसांचे येणेही देवतेला कमीपणाचे वाटत नाही, तर आपल्याला का वाटावे?

कॅनडातही अशी ऋतूनुसार स्थलांतर करणारी वृद्ध जोडपी पुष्कळ आहेत. बर्फ पडू लागला की ती अमेरिकेच्या दक्षिणेस फ्लॉरिडा, ॲरिझोना येथे जातात आणि वसंतात घरी येतात. तिकडे त्यांना ‘स्नोबर्ड’, म्हणजे हिमपक्षी म्हणतात. आपली मराठी मंडळीही आता त्यांत आहेत. त्यांच्यातल्या ऑन्टारिओ प्रांताचा एक नियम मला फार सूचक वाटतो. सरकारी आरोग्य विमा चालू ठेवायचा तर बारा महिन्यांत किमान १५३ दिवस प्रांतात राहावे लागते. म्हणजे माणूस घरचा की बाहेरचा हे तेथे दिवस मोजून ठरते. आपले दिवस मोजणारे कोणी नाही. मोजायचे तर आपणच मोजायचे.

हिमपक्ष्यांचे नाव निघाले म्हणून आपल्या पक्ष्यांविषयी सांगतो. आपल्या उत्तरेला, मुरैना आणि धोलपूर यांच्यामधून वाहणाऱ्या चंबळेवर हिवाळ्यात चक्रवाक येतात, आणि ऊन वाढले की लडाख-तिबेटकडे परततात. बहुधा जोडीने दिसतात. रात्री त्यांची ताटातूट होते आणि दोन तीरांवरून ते एकमेकांना हाका मारतात, असा संस्कृत कवींचा संकेत आहे. हा संकेत मला अलीकडे वेगळ्या कारणाने आठवतो. आपले परतणे हे जोडीचे काम आहे. एकाने कुलूप उघडायचे, दुसऱ्याने खिडक्या. एकाने झाडायचे, दुसऱ्याने विरजण आणायचे. जोडीतला एक गेला की उरलेल्याला मुले परत पाठवत नाहीत, आणि त्यालाही एकट्याने ते कुलूप उघडवत नाही. आपल्या सभासदांच्या यादीतील पुष्कळ नावे या प्रकारे थांबली आहेत. १९६१ साली कुसुमावती देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली येथे साहित्य संमेलन भरले, तेव्हा जी मुले मंडपात पाणी देत फिरत होती, ती पिढी आज या वळणावर उभी आहे. म्हणून हा विषय मला घरगुती असूनही तातडीचा वाटला.

तेव्हा ग्रंथालयाने काय करावे? मोठे काही नाही. तीनच सूचना करतो. पहिली, हिवाळ्यात बाहेर असणाऱ्या सभासदांची एक वही ठेवावी. कोण कुठे आहे, केव्हा येणार आहे. ठरलेल्या दिवशी ते आले नाहीत, तर कोणीतरी फोन करून “उशीर का?” असे विचारावे. दुसरी, जे एकटे उरले आहेत त्यांच्यासाठी चैत्रात दोन तरुण सभासदांनी जावे, कुलूप उघडण्यापासून तुळस आणण्यापर्यंत सोबत करावी. एकट्याला परतता आले पाहिजे. तिसरी सूचना नियमाविरुद्ध आहे, चिटणीसांनी क्षमा करावी. दिवाळीनंतर जाणाऱ्या प्रत्येकाला एक पुस्तक चार महिन्यांसाठी द्यावे आणि त्यावर चैत्रातली तारीख घालावी. मुलांनी “आता कशाला जाता?” म्हटले, की आपल्याकडे पुन्हा एक ठोस उत्तर असेल: ग्रंथालयाचे पुस्तक परत करायचे आहे.

आपली संस्था शंभर वर्षे चालली, ती नेलेले परत येते या भरवशावर. काही पुस्तके आली नाहीत, बहुतेक आली. तेवढ्यावर कपाटे भरलेली राहिली. माणसांच्या बाबतीतही याहून अधिक अपेक्षा धरता येणार नाही, आणि याहून कमी धरू नये. जे यंदा आले त्यांचे स्वागत. जे अजून आले नाहीत त्यांची खुर्ची कृपा करून हलवू नका.