मुखवट्यामागचा भेदिक शाहीर



दौंडहून पुण्याला जाणाऱ्या गाडीत हल्ली कितीतरी मुलं कानात रॅप लावून बसलेली दिसतात. घरातली मोठी माणसं विचारतात, “तो काय बोलतो ते तुला तरी कळतं का?” मला आज या प्रश्नाबद्दलच बोलायचं आहे, आणि तेही ‘मॅडव्हिलनी’ या अमेरिकी अल्बमच्या निमित्ताने.

मार्च 2004 मध्ये ‘स्टोन्स थ्रो’ या छोट्या, स्वतंत्र कंपनीने तो काढला. शब्द एमएफ डूम या रॅपरचे, संगीत मॅडलिबचं. मॅडलिबने यातले बरेच ताल ब्राझीलच्या मुक्कामात, जुन्या रेकॉर्डमधले तुकडे जोडून बांधले. जेमतेम 46 मिनिटांत 22 तुकडे, आणि बहुतेकांना धृपदच नाही! डूम धड गोष्ट सांगत नाही, उपदेशही करत नाही. कार्टून, जुने सिनेमे, खाणंपिणं, टोमणे, सगळं तो यमकांत गुंफत जातो. यमक लगेच कानात बसतं. अर्थ मात्र तिसऱ्या-चौथ्यांदा ऐकताना हाती लागतो.

1993 मध्ये डूमचा धाकटा भाऊ आणि गाण्यातला जोडीदार सबरॉक अपघातात गेला. त्यानंतर डूम काही वर्षं दिसेनासा झाला. परतला तो चेहरा झाकून. पुढे धातूचा मुखवटा हीच त्याची ओळख ठरली. लोकांनी चेहरा बघू नये, शब्द ऐकावेत, एवढाच त्याचा आग्रह.

हे ऐकताना मला आपले भेदिक शाहीर आठवतात. त्यांचे पक्ष दोन: कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. एकाने गाण्यातून कूट घालायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच ते सोडवायचं. शाहीर शेवटी कवनात आपलं नाव गुंफतो; डूमही स्वतःविषयी ‘तो’ म्हणून बोलतो. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईने तर बशीर मोमीन कवठेकरांसारखा लोकशाहीर दिला. अशा मुलखातल्या माणसाने अवघड शब्दांना बिचकू नये.

डूम 2020 मध्ये गेला. अर्ल स्वेटशर्टसारख्या पुढच्या पिढीच्या रॅपरांवर त्याची छाप स्पष्ट दिसते. कारण त्याने ऐकणाऱ्याला कमी लेखलं नाही. अर्थ शोधण्याचं अर्धं काम विश्वासाने त्याच्यावर सोपवलं.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मुलाला रॅपची एक ओळ समजावून सांगायला लावा, आणि तुम्हीही त्याला एखादं भेदिक कवन ऐकवा. दोघांनाही डोकं चालवावं लागेल, आणि बोलायला विषयही मिळेल.