उसना रस्ता
(वर्धापनदिनी विहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज आपण गिलगिटला जाऊ. काश्मीरच्या उत्तरेला, काराकोरम आणि हिंदुकुशच्या डोंगरांत हे गाव आहे. आज तो भाग पाकिस्तानच्या ताब्यात आहे. सातव्या-आठव्या शतकात तिथे पटोल शाही घराण्याचे बौद्ध राजे राज्य करीत होते. चिनी बखरींत या राज्याला लहान बोलोर म्हटले आहे. मोठे बोलोर म्हणजे बाल्टिस्तान, ते तिबेटने आधीच गिळले होते.

राज्य चिमुकले, पण जागा मोक्याची. एकीकडे तिबेट, दुसरीकडे तांग घराण्याचा चीन. मध्य आशियातल्या चार चिनी ठाण्यांवर चालून जायला तिबेटला वाट हवी होती. बखर सांगते, तिबेटी लोक राजाला म्हणत, तुझा मुलूख आम्हाला नको, फक्त रस्ता उसना दे. आता बघा, फौजेला उसना दिलेला रस्ता कधी परत मिळतो का? 722 साली राजाने चीनकडे धाव घेतली. चार हजारांची कुमक आली, राज्य वाचले. 737 ला तिबेटची फौज पुन्हा आली. 740 ला तिबेटची राजकन्या इथल्या राजाला दिली. म्हणायला सोयरीक, पण ती बेडीच होती. आसपासची वीसेक राज्येही तिबेटकडे गेली.

मग 747 साली चीनचा सेनापती गाओ शिएनझी दहा हजार फौज घेऊन पामीर ओलांडून आला. हा मूळचा कोरियाचा. दारकोटच्या खिंडीवर त्याचे शिपाई अडून बसले, खाली उतरायला तयार होईनात. त्याने आपलीच वीस माणसे गावकऱ्यांच्या वेशात स्वागताला उभी केली! नदीवरचा पूल तोडलाय, तिबेटी येऊ शकत नाहीत, असे त्यांच्याकडून वदवून घेतले. पूल खरा तुटला तो नंतर, आणि त्याच संध्याकाळी तिबेटी फौज पलीकडच्या काठावर पोचली. तो पूल बांधायला एक वर्ष लागले होते. राजा डोंगरातल्या गुहेत लपला होता. त्याला आणि राणीला चीनला नेण्यात आले.

पण 751 ला तलासच्या लढाईत याच सेनापतीला अरबांनी हरवले, 755 ला चीनमध्येच बंड झाले, आणि इकडे तिबेटचे पारडे पुन्हा जड झाले. राजघराणे पुढे इतिहासातून पुसले गेले.

राहिले काय? 1931 साली गिलगिटजवळ नौपूरला गुरे राखणाऱ्या पोरांना एका पडक्या स्तूपासारख्या वास्तूत भूर्जपत्रांच्या पोथ्या सापडल्या. त्यांत मूलसर्वास्तिवादी विनयाचा मोठा भाग संस्कृतात मिळाला. तोवर तो विनय पुरता वाचायचा तर तिबेटी भाषांतराचाच आधार होता. म्हणजे ज्या तिबेटने राज्य पोखरले, त्यानेच तो ग्रंथ जपला होता. याचा राग धरायचा की आभार मानायचे, तुम्हीच सांगा.

त्यातल्या बऱ्याच पोथ्या आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. काहींच्या शेवटी दान देणाऱ्यांची नावे आहेत. राजे आहेत, राण्या आहेत, साधे उपासक-उपासिकाही आहेत, आणि हे पुण्य आमच्या आईबापांना लाभो, असे लिहिलेले आहे.