ऐन हंगामात कामाचे तास का घटतात?



हंगाम आला की कष्टकऱ्याच्या घरात चार पैसे जादा येतात, अशी आपल्याकडे पूर्वापार समजूत आहे. सुगीच्या दिवसांत शेतमजुराला मागणी असते, गळीत हंगामात ऊसतोडणी कामगाराला उसंत मिळत नाही, दिवाळीच्या तोंडावर शिंप्याचे मशीन रात्री उशिरापर्यंत चालते. मालाला उठाव असला म्हणजे हातांना काम असते, हे साधे व्यवहारज्ञान होय. परंतु घरपोच माल पोहोचविणाऱ्या अर्धवेळ कामगारांच्या बाबतीत हे व्यवहारज्ञान खोटे ठरू लागले आहे. दसरा-दिवाळीत किंवा नाताळात गोदामे भरून वाहतात, रस्त्यांवर पाठीवर पिशव्या घेतलेल्या दुचाकीस्वारांची रीघ लागते. आणि नेमक्या त्याच आठवड्यांत जुन्या अर्धवेळ कामगाराच्या वाट्याचे तास घटतात, असा अनुभव या धंद्यात देशोदेशी येतो. ही विसंगती एखाद्या व्यवस्थापकाच्या दुष्टपणातून येत नाही. ती या धंद्याच्या हिशेबातच दडलेली आहे, आणि म्हणूनच तो हिशेब नीट समजून घेतला पाहिजे.

उदाहरणादाखल एक गोदाम घ्या. तेथे शंभर कामगार रोज एक हजार पार्सले पोहोचवितात. म्हणजे माणशी दहा पार्सले. सणाच्या दिवसांत पार्सले दीड हजार होतात. सरळ हिशेबाने पन्नास माणसे आणखी घेतली म्हणजे काम भागते. परंतु कंपनी पन्नास न घेता शंभर माणसे घेते. आता दोनशे माणसांत दीड हजार पार्सले वाटली जातात आणि माणशी वाटा साडेसातावर येतो. कंपनीचा धंदा दीडपट झाला, कामगाराची कमाई मात्र पावपट घटली. कंपनीने गरजेपेक्षा अधिक माणसे का घेतली? उत्तर सोपे आहे. मजुरी जर पार्सलागणिक द्यायची असेल, तर उभ्या असलेल्या माणसाचा कंपनीला खर्चच नसतो. उलट पार्सल उशिरा पोहोचले तर गिऱ्हाईक दुरावते. तेव्हा उशिराचा धोका टाळण्यासाठी जादा माणसांची फौज उभी ठेवणे हा कंपनीच्या दृष्टीने एक प्रकारचा विमा आहे, आणि त्या विम्याचा हप्ता गोदामाबाहेर ताटकळत उभा असलेला कामगार आपल्या रिकाम्या तासांनी भरीत असतो. तात्पर्य, कामगाराच्या वाट पाहण्याला जोपर्यंत किंमत नाही, तोपर्यंत त्याला वाट पाहावयास लावले जाणारच.

हा प्रश्न मोबाइल फोनबरोबर जन्माला आलेला नाही. लंडनच्या गोदीत गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात तो याच स्वरूपात उभा होता. रोज सकाळी गोदीच्या फाटकावर माणसांची झुंबड उडे, मुकादम त्यातून हवे तेवढे हात निवडी आणि निवडलेल्यालाही कित्येकदा तास-दोन तासांचेच काम मिळे. १८८९ साली या कामगारांनी जो ऐतिहासिक संप केला, त्यात ताशी सहा पेन्स दराची मागणी सर्वांच्या स्मरणात राहिली. परंतु तिच्या जोडीला दुसरी, तितकीच महत्त्वाची मागणी होती: एकदा कामावर घेतलेल्या माणसाला किमान चार तासांचे काम मिळालेच पाहिजे. दर आणि तास या दोन्ही गोष्टी हातात असल्याखेरीज मजुरी ठरत नाही, हे त्या अशिक्षित म्हणून हिणविल्या गेलेल्या माणसांनी ओळखले होते. पुढे १९०९ साली विल्यम बेव्हरिज यांनी बेकारीवरील आपल्या ग्रंथात याच अनुभवाला शास्त्रीय रूप दिले. प्रत्येक फाटक आपापली वेगळी राखीव फौज बाळगते, त्यामुळे या फौजांची बेरीज संपूर्ण बंदराच्या खऱ्या गरजेपेक्षा कितीतरी मोठी होते, हे त्यांच्या विवेचनाचे सार होते.

मुंबईनेही हाच धडा गिरविला आहे. १९४८ च्या गोदी कामगारविषयक कायद्यान्वये मुंबईच्या बंदरात मालक, कामगार आणि सरकार यांचे त्रिपक्षीय मंडळ आले. कामगारांची नोंदणी झाली, काम पाळीपाळीने वाटले जाऊ लागले, काम नसलेल्या दिवशी हजर राहिलेल्याला हजेरीभत्ता आणि महिन्याकाठी किमान काही दिवसांच्या वेतनाची हमी मिळाली. रिकाम्या दिवसाला किंमत लागताच गरजेपेक्षा अधिक माणसे फाटकावर जमविण्यात कोणाचा फायदा उरला नाही.

पार्सलांच्या धंद्यात हा लढा आजच्या काळात सर्वांत स्पष्टपणे लढला गेला तो अमेरिकेत, युनायटेड पार्सल सर्व्हिस या कंपनीत. तेथील टीमस्टर्स युनियनने १९८२ च्या करारात अर्धवेळ कामगारांचा प्रारंभीचा दर ताशी आठ डॉलर मान्य केला आणि तो पुढे पंधरा वर्षे तसाच गोठून राहिला. १९९७ पर्यंत कंपनीचे बहुसंख्य कामगार अर्धवेळ झाले होते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये रॉन कॅरी यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १,८५,००० कामगार पंधरा दिवस संपावर गेले. अर्धवेळ नोकऱ्यांवर अमेरिका चालणार नाही, ही त्यांची घोषणा होती. पूर्णवेळ चालक अर्धवेळ कामगारांसाठी रस्त्यावर उतरला, ही या संपाची थोरवी. अर्धवेळ जागा एकत्र करून दहा हजार नव्या पूर्णवेळ जागा निर्माण करण्याचे कंपनीला कबूल करावे लागले.

परंतु एकदा मिळविलेले हक्क आपोआप टिकत नाहीत. २०१८ च्या करारात कंपनीने कमी वेतनाच्या चालकांचा एक नवा वर्ग निर्माण केला. मतदान करणाऱ्या सभासदांच्या बहुमताने तो करार फेटाळला होता. तरीही मतदान निम्म्याहून कमी झाले या तांत्रिक नियमाचा आधार घेऊन युनियनच्या पुढाऱ्यांनी तो लागू केला. सभासदांनी या अपमानाचा जाब विचारला. २०२१ मध्ये तो नियम रद्द झाला, त्याच वर्षी जुन्या पुढाऱ्यांच्या गटाचा निवडणुकीत पराभव झाला, आणि २०२३ साली सुमारे ३,४०,००० कामगारांच्या वतीने संपाची तयारी करून नवा करार पदरात पाडून घेण्यात आला. चालकांचा तो दुय्यम वर्ग त्यात रद्द झाला, अर्धवेळ कामगाराचा किमान दर ताशी २१ डॉलर झाला आणि साडेसात हजार नव्या पूर्णवेळ जागांचे आश्वासन मिळाले.

आजच्या विषयाच्या दृष्टीने मात्र या करारातील एक कमी गाजलेले कलम सर्वांत मोलाचे आहे. नाताळच्या हंगामात स्वतःच्या वाहनाने पार्सले पोहोचविण्यासाठी कंपनी बाहेरून हंगामी माणसे घेत असे. नव्या करारानुसार या कामावर कंपनीतील अर्धवेळ कामगारांचा पहिला हक्क राहील, त्यांना आठ तासांची हमी मिळेल, आणि हंगामी काम नोव्हेंबर-डिसेंबरमधील पाच आठवड्यांपुरतेच मर्यादित राहील. हंगाम आला तर आधी घरातल्या माणसाचे ताट भरा, मग पाहुणे बोलवा, असा या कलमाचा सरळ अर्थ आहे. त्याची मर्यादाही झाकून ठेवण्याचे कारण नाही. मालाचा ओघ किती राहणार हे करार ठरवू शकत नाही. आपल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाचा, म्हणजे अ‍ॅमेझॉनचा माल निम्म्याहून अधिक कमी करण्याचे ठरवून याच कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये सुमारे वीस हजार जागा कमी करण्याचे आणि ७३ इमारती बंद करण्याचे जाहीर केले. तथापि संघटित कामगाराला निदान कपातीच्या वेळी बोलण्याचा अधिकार असतो. विस्कळित कामगाराला कपात झाली हेसुद्धा कोणी सांगत नाही. त्याचा फोन वाजायचा थांबतो, एवढेच.

अमेरिकेतीलच दुसरे उदाहरण सावधगिरीचा इशारा देणारे आहे. न्यूयॉर्क शहराने घरपोच खाद्यपदार्थ पोहोचविणाऱ्यांसाठी किमान वेतन ठरविले. डिसेंबर २०२३ पासून ते ताशी १७.९६ डॉलर झाले आणि त्यात वाट पाहण्याचा वेळही धरण्यात आला. वाट पाहण्याला किंमत लागताच कंपन्यांनी काय केले? कामगारांना हव्या त्या वेळी कामावर येण्याची मोकळीक काढून घेतली, कित्येकांना अ‍ॅपचे दार बंद झाले. मालकांचे कैवारी यावरून लगेच म्हणतील की, पाहा, कायद्याने कामगाराचे नुकसान झाले. वस्तुतः यातून सिद्ध होते ते इतकेच की, आधी फुकट होती म्हणूनच ती फौज इतकी मोठी होती. वाट पाहण्याची किंमत ठरविताना उपलब्ध काम कोणात आणि कोणत्या क्रमाने वाटायचे हेही त्याच वेळी ठरवावे लागते. ते कंपनीच्या मर्जीवर सोडले तर उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताने काढून घेतले जाते.

आता आपल्या देशाकडे वळू. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये अशा अस्थायी कामगारांची संख्या ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये त्यांच्यासाठी कायदे केले. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तीनुसार कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कल्याणनिधीसाठी द्यावयाची आहे. त्यानंतर दीड महिन्याच्या आतच, २५ आणि ३१ डिसेंबरला, म्हणजे ऐन गर्दीच्या दिवशी, डिलिव्हरी कामगारांनी देशात ठिकठिकाणी संप पुकारला. दहा मिनिटांत माल पोहोचविण्याच्या हव्यासाविरुद्ध त्यांनी आवाज उठविला आणि जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय श्रममंत्र्यांच्या सांगण्यावरून दहा मिनिटांच्या जाहिरातीला आवर घालण्यात आला. हे यश लहान नाही. पण कल्याणनिधी म्हणजे वेतन नव्हे, आणि जाहिरात बदलल्याने कामाचे तास वाढत नाहीत. हंगामात नवी भरती किती करावी, जुन्याला किमान किती तास द्यावेत, रिकाम्या तासाची किंमत काय, या तिन्ही प्रश्नांवर हे सर्व कायदे मौन पाळतात.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. हे अर्धवेळ कामगार विद्यार्थी आहेत, जोडधंदा म्हणून हे काम करतात, त्यांना स्वातंत्र्य हवे आहे; हमीच्या बेड्या त्यांच्या पायांत कशाला? स्वातंत्र्याची ही चिंता स्तुत्य आहे! परंतु ज्याला चार तास काम करावयाचे आहे त्याला आठ तास राबवा, असे कोणीच म्हणत नाही. चार तास दिले म्हणजे त्या चारही तासांची किंमत द्या, एवढेच म्हणणे आहे. पेट्रोल स्वतःचे, दुचाकीचा हप्ता स्वतःचा, अपघाताची भीती स्वतःची, आणि चारांपैकी दोन तास रस्त्याच्या कडेला रिकामे. याला स्वातंत्र्य म्हणावयाचे असेल तर लंडनच्या फाटकावरचा माणूसही स्वतंत्रच होता.

मग मागणी कोणती करावयाची? महाराष्ट्राला यासाठी परदेशी नमुना शोधण्याची गरज नाही. बाजारातला हमालही एका मालकाचा नोकर नव्हता. आज या पेढीवर, उद्या त्या गाळ्यावर त्याचे काम असे. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत आणि डॉ. बाबा आढाव यांनी पुण्यात या विखुरलेल्या माणसांना संघटित केले. १९६९ चा माथाडी कायदा अशा लढ्यांतून आला. मालक अनेक असले तरी मंडळ एक, नोंदणी एक, मजुरी मंडळामार्फत आणि तिच्यावर मालकाकडून लेव्ही, हे त्याचे तत्त्व. मालक कोण हेच ठरत नाही, ही सबब त्याने निकालात काढली. माथाडी मंडळांत आज दोष शिरले आहेत हे खरे. पण गंजलेले अवजार घासावयाचे असते, टाकून द्यावयाचे नसते.

त्याच धर्तीवर डिलिव्हरी कामगारांचे त्रिपक्षीय मंडळ स्थापन व्हावे आणि त्याच्या योजनेत चार गोष्टी असाव्यात. कामावर बोलाविलेल्याला किमान चार तासांच्या मजुरीची हमी. वाट पाहण्याच्या वेळेला ठरावीक दर. हंगामातील वाढीव कामावर आधीपासून नोंदलेल्या कामगारांचा पहिला हक्क, आणि तो पुरा झाल्यावरच नवी भरती. काम ज्या नियमाने वाटले जाते तो नियम मंडळापुढे उघड करण्याचे बंधन.

यासाठी पक्षाच्या कार्यकर्त्यांनी करावयाचे पहिले काम अगदी साधे आहे. येत्या दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत आपापल्या भागातील डिलिव्हरी कामगारांकडे एक वही द्यावी. किती वाजता कामावर आला, किती तास मोकळा उभा राहिला, किती पार्सले पोहोचविली, पेट्रोल वजा जाता हातात काय उरले, एवढेच तीत लिहावयाचे. सगळे आकडे आज कंपनीच्या यंत्रात आहेत, कामगाराकडे एकही नाही. स्वतःचा हिशेब स्वतःच्या हाताने लिहिणारी पन्नास माणसे एका चौकात जमली, तर मागणीपत्रक तेथेच तयार होईल, आणि युनियनही.